मोराची मान

६ जानेवारी, सोमवार

सकाळी रोनकचा फोन. मदनलाल सेठजींचा नातू. एमआयडीसीतला त्यांचा चटईचा कारखाना आता तोच बघतो. म्हणाला, "पितांबरकाका, तुमचा तो जुना कॉम्प्युटर वेडा झालाय. एकदा येऊन जा." 'तुमचा' म्हणाला, ते बरं वाटलं. गोलाणी मार्केटमधल्या माझ्या दुकानात हल्ली कॅमेऱ्याच्या वायरी आणि प्रिंटरची शाई यापलीकडे काही घडत नाही.

तो कॉम्प्युटर मी १९९६ साली बसवला. नोकरीतलं माझं पहिलं स्वतंत्र काम. फोर-एटी-सिक्स, डॉस, आणि तेव्हा जळगावात फारशी कुणाकडे नसलेली स्कझी हार्ड डिस्क, तिच्या वेगळ्या कंट्रोलर कार्डासकट. त्यावर चटईची नक्षी काढायची आणि तिथून ती थेट लूमवर जाते. अठ्ठावीस वर्षं चाललाय. आजकालचे लॅपटॉप पाच वर्षांत रडायला लागतात.

दुपारी गेलो. रोनकनं एक चटई उलगडून दाखवली. त्यांचा सगळ्यात जुना मोर. धड ठीक, पिसारा ठीक, पण मान मधेच तुटलेली. दोन बोटं रुंदीच्या पट्ट्यात हिरव्या-लाल प्लास्टिक नळ्यांचा नुसता कचरा, आणि त्याच्या वर पुन्हा डोकं जागच्या जागी. अशा पंधरा-वीस नक्ष्या बिघडतात, तेही कधी बिघडतात, कधी नाही.

नोव्हेंबरपर्यंत हे काम कय्युम बघायचा. त्याचे डोळे अधू झाले, काचबिंदू, तेव्हा तो धुळ्याला मुलीकडे राहायला गेला. त्याच्या खुर्चीत आता कुंदाबाई बसते. पहूरची, पस्तिशीची. दहा वर्षं शिलाई विभागात चटयांच्या कडा शिवत होती, मागच्या वर्षी कय्युमनं तिला नक्षी काढायला शिकवलं. बिघाड ती बसल्यापासूनचा आहे. मशीनमध्ये बाकी काही बदललेलं नाही, स्क्रूसुद्धा तेच.

कुंदाबाई मला म्हणाली, "भाऊ, मोजी दखा. आठच ओळी बिघडतस. सात नही, नऊ नही. कोठे सोळा, कोठे चोवीस. पण आठना पाढाच शे."

मी म्हटलं, पाढे नंतर म्हणू, आधी मशीन बघू. हसलो. ती हसली नाही.

रोनकनं ३१ तारखेपर्यंत मुदत दिलीय. तोवर दुरुस्त झालं तर ठीक, नाहीतर नवीन मशीन. नवीन मशीनवाले त्यांचा शिकलेला माणूस देतात. म्हणजे कुंदाबाई परत शिलाईत. तिथं दिवसभर वाकून बसावं लागतं आणि तिच्या कमरेला पट्टा आहे, तो खुर्चीवर लटकलेला दिसला.

कळफलकावरची एक गंमत. बाकी सगळी एफ-बटणं कोरी करकरीत, आणि एफ फाइव्हवरचं अक्षर मात्र पार पुसून गेलंय, बोटाएवढा खळगा पडलाय. कय्युम गुपचूप कुठलातरी गेम खेळत असणार. शिस्तीचा माणूस म्हणून मिरवायचा!

८ जानेवारी, बुधवार

डिस्क तपासली. तीन तास लागले. एकही खराब जागा नाही. केबल बदलली. कंट्रोलर कार्ड काढून त्याचे पितळी पाय खोडरबरानं घासले, परत बसवलं. पॉवर सप्लाय मोजला. सगळं ठीक. आतमध्ये धुळीचा कण नाही, कय्युम दर महिन्याला ब्रशनं साफ करायचा म्हणे.

संध्याकाळी मोर काढला. मान तुटलेली.

११ जानेवारी, शनिवार

सापडलं. साधंच होतं.

मी तेव्हा या मशीनला स्मार्टड्राइव्ह लावला होता. डिस्क हळू असते, मेमरी झटपट. म्हणून डिस्कवरचा माल आधीच मेमरीत आणून ठेवायचा आणि तिथून पुरवायचा, हे त्याचं काम. याला कॅशे म्हणतात. लिहितानाही तो 'झालं' म्हणून मोकळा होतो आणि डिस्कवर खरं लिहितो दोन-चार सेकंदांनी. त्या दोन-चार सेकंदांत कुणी बटण बंद केलं, तर अर्धा माल हवेत. कय्युम मुरलेला होता, थांबत असेल. कुंदाबाई नवीन. सहाच्या बसची घाई.

तिला विचारलं. म्हणाली, "जवय डिस्कना दिवा विझस, तवयच मी बंद करस. बस गई ते गई."

मी म्हटलं, रोज?

"रोज. माले कय्युमचाचानी पह्यल्या दिवशी तेच सांगं व्हतं."

आता कोणता माणूस कबूल करेल? रोनकला लेखी अहवाल हवा होता. दिला. यंत्रसामग्री उत्तम स्थितीत. बिघाडाचं कारण: चालवणाऱ्याची चूक. खाली सही, तारीख, दुकानाचा शिक्का. अक्षर माझं पहिल्यापासून चांगलं आहे. रोनकनं तो वाचला आणि हजेरीच्या अंगठ्याच्या मशीनशेजारच्या फळ्यावर टाचला. असं टाचतील असं वाटलं नव्हतं, पण त्यांचा कारखाना, त्यांचा फळा.

१४ जानेवारी, मंगळवार, संक्रांत

कुंदाबाईला कालपासून शिलाईत बसवलंय. ३१ तारखेपर्यंत कॉम्प्युटरवर दुसरं कुणी नको, काका तुम्हीच बसा आणि नीट चालतो ते दाखवा, असं रोनक म्हणाला. दुकान चार दिवस अर्धवेळ.

जाताना शिलाईतूनच जावं लागतं. कुंदाबाईनं सगळ्यांना तिळगूळ वाटला, मलाही दिला. गोड बोला म्हणाली नाही.

१५ जानेवारी, बुधवार

सबंध दिवस मी स्वतः चालवलं. सकाळी बटण दाबलं की मी तेव्हा लिहून ठेवलेल्या सूचनांच्या ओळी एकेक करून पडद्यावर उमटतात आणि प्रोग्राम आपोआप उघडतो. एका अक्षराला हात लावायला नको. अठ्ठावीस वर्षांपूर्वी असं काम करणारा जिल्ह्यात दुसरा कोण होता?

काल रीतसर बंद केलेलं. दिवा विझल्यावर मी वर पाच मिनिटं घड्याळ लावून थांबलो होतो.

मोराची मान तुटली.

रोनक मालाच्या गाडीबरोबर रावेरला गेला होता. त्यामुळे कुणाला सांगायचा प्रश्न आला नाही.

१८ जानेवारी, शनिवार

चूक कुंदाबाईची नाही. हे इथं लिहून ठेवतो. रोनकला सांगायला हवं, पण मग 'कारण काय' विचारेल आणि ते मला माहीत नाही. कारण सापडलं की दोन्ही एकदम सांगेन.

जुन्या दैनंदिन्या माळ्यावरून काढल्या. ३ डिसेंबर १९९६, मंगळवार. तेव्हाचं लिहिणं असं:

"आज मेमरीचं काम तडीस नेलं. सगळे ड्रायव्हर वरच्या मेमरीत चढवले. स्मार्टड्राइव्हसाठी डॉसनं आपणहून एक ओळ घातली होती, डबल बफरची. तिनं मशीन हळू होत होतं आणि दोन के जागा खात होती. काढून टाकली. ६१९ के मोकळी! साहेब म्हणाले, त्यांना कधी ६०५ च्या वर जमलं नाही. तो नक्षीवाला कय्युम मध्येच म्हणाला, भाऊ, मोर जरा बिघडल्यागत निघाला. त्याला म्हटलं, तू धागे बघ, मशीन मी बघतो."

वाचून मजा वाटली. काय उमेद होती! ६४० किलोबाइटांपैकी ६१९ मोकळे. त्या ओळी आजही तशाच आहेत, काल उघडून बघितल्या.

२० जानेवारी, सोमवार

आज मला बिघडलेल्या ओळी मोजायची बुद्धी झाली. चटईची एक ओळ म्हणजे चौसष्ट बाइट. आठ ओळी म्हणजे पाचशे बारा. आणि डिस्कवरून माल येतो तो पाचशे बाराच्या गोणीतच, त्याहून कमी कधी येत नाही. म्हणजे नक्षीतले ठिपके बिघडत नाहीत, अख्खी गोणीच बदलून येते. कधी एक, कधी दोन, कधी तीन. आठचा पाढा.

कुंदाबाईनं हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तीस वर्षं मी या धंद्यात आहे आणि ती एक वर्ष.

डिस्क चांगली, केबल चांगली, मग गोणी बदलते कुठे? डिस्क आणि मेमरीच्या मधल्या वाटेत. तिथं आहे कोण? कंट्रोलर कार्ड आणि स्मार्टड्राइव्ह. स्मार्टड्राइव्हवर संशय घ्यायचा, तर माझ्याच ओळींवर घ्यावा लागेल. पण त्याच ओळींवर हे मशीन अठ्ठावीस वर्षं बिनतक्रार चाललं. त्यामुळे तो मुद्दाच निकालात निघतो. उरलं कार्ड. कार्ड म्हातारं झालं असेल, किंवा नोव्हेंबरात कुठेतरी आपटलं असेल. कय्युमलाच विचारावं. जाताना काही पाडलं-बिडलं असेल तर आता तरी सांगेल.

खरं म्हणजे त्याच्याकडे जायचं जिवावर येतं. का, ते कळत नाही. भांडण असं कधी झालं नाही.

२३ जानेवारी, गुरुवार. धुळे

हे परतीच्या बसमध्ये लिहितोय. अक्षर हलतंय, हलू दे.

सकाळी जाताना एरंडोलच्या पुढे कंडक्टर ओरडला, "पारोळ्याचं कुणी नाही ना? गाडी बायपासनं जाईल." कुणीच नव्हतं. गाडी गावात न शिरता बाहेरच्या रस्त्यानं सुसाट निघाली. वेळ वाचला म्हणून मला बरं वाटलं होतं.

वडजाई रोडला त्याच्या मुलीचं, अफरीनचं घर. मुलगी शाळेत शिकवते, घरी नव्हती. दार त्याच्या बायकोनं, रहिमाबींनी उघडलं. कय्युम खिडकीशी खुर्चीत होता. मी "कय्युमभाई" म्हटल्याबरोबर, "या पितांबरभाऊ" म्हणाला. डोळ्यांनी नाही ओळखलं, आवाजानं ओळखलं. वाळलाय. रहिमाबींनी खाली चटई अंथरली, मी बसलो. चहा झाला.

मी विचारलं, जाण्याआधी मशीन कुठे हलवलं होतंस का? कार्डाला धक्का?

"नाही. का, काय झालं?"

"मोराची मान तुटतेय."

त्याच्या हातातली बशी तिथंच थांबली. त्यानं रहिमाबींकडे तोंड वळवलं. मग मला म्हणाला, "तुम्ही कशावर बसलाय, बघा."

मी उठून बघितलं. मोर होता. रंग पार उडालेला, कडा झिजलेल्या. मान तुटलेली. दोन बोटं रुंदीचा कचरा. उगाच मोजलं. आठ ओळी.

"ही पहिली," कय्युमभाई म्हणाले. "शहाण्णवची. तुम्ही मशीन लावून दिलं, त्याच आठवड्यातली."

(इथं मी आपोआप 'म्हणाले' लिहिलं. राहू दे.)

मग त्यांनी सांगितलं ते असं. तेव्हा रोज मोर बिघडायचा. मला एकदा सांगून पाहिलं, मी धागे बघायला सांगितलं. एके सकाळी मशीन सुरू होत असताना त्यांच्या हातातली कात्री कळफलकावर पडली. पडद्यावर एक वेगळीच इंग्रजी ओळ आली, आपोआप उघडणारा प्रोग्राम उघडला नाही, काळा पडदा तसाच राहिला. प्रोग्रामचं नाव हातानं टाइप करून त्यांनी तो उघडला. त्या दिवशी मोर अखंड निघाला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तुटला. तेव्हा त्यांनी कात्रीचं टोक एकेका बटणावर ठेवून बघितलं. वरच्या रांगेतली बाराही एफ-बटणं, रोज एक. जमलं ते फक्त पाचव्यावर. आणि ती इंग्रजी ओळ आलेखाच्या कागदावर एकेक अक्षर चितारून घेतली, नक्षी उतरवतात तशी, आणि सेठजींच्या मुलीला, जिनलला दाखवली. ती तेव्हा कॉलेजात होती.

"जिनल म्हणाली, यात लिहिलंय की मशीन कुणाच्या तरी दोन फायली बायपास करतंय. मी विचारलं, बायपास म्हणजे? ती म्हणाली, गावात न शिरता बाहेरून जाणं." ते जरा हसले. "तर भाऊ, अठ्ठावीस वर्षं मी रोज सकाळी तुमचं गाव टाळून बाहेरच्या रस्त्यानं जायचो. रस्ता लांबचा होता. पण मोर पोचायचा."

म्हटलं, "मग मला का नाही सांगितलं?"

"सेठजींनी मशीन महिनाभराच्या बोलीवर घेतलेलं. बिघाड निघाला तर परत. तुमचं नवं लग्न, पहिलं काम. तुम्हीच एकदा डबा खाताना सांगितलं होतं, हे मशीन परत गेलं तर साहेब मला ठेवणार नाही. एवढी घाबरलेली तोंडं मी फार बघितली नव्हती."

मी हे त्यांना सांगितलं होतं? मला आठवत नाही. दैनंदिनीतही नाही.

"आणि नंतर?"

"नंतर राहूनच गेलं. तुम्ही दर दिवाळीला यायचे, पडद्याला बोट लावून म्हणायचे, बघ कय्युम, एक अक्षर हललं नाही. तेव्हा काय सांगणार? तुमचा चेहरा बघून बरं वाटायचं." मग एकदम गंभीर झाले. "कुंदाला सांगायला पाहिजे होतं. पण ती येण्याआधी मी मशीन सुरू केलेलं असायचं, आणि सांगितलं असतं तर ती तुम्हालाच विचारायला आली असती. मग डोळ्यांचं एवढ्या घाईत झालं. तिला त्रास नाही ना झाला?"

मी खिडकीबाहेर बघत होतो. नाही, असं म्हणता आलं असतं. म्हटलं, "तिला खुर्चीवरून उठवलंय. मी लेखी दिलं, चूक तिची म्हणून."

रहिमाबी आतून आल्या आणि त्यांनी माझा रिकामा कप उचलला.

"लेखी?" एवढंच ते म्हणाले.

निघताना पाया पडावं असं वाटलं. पडलो नाही, हात धरला. ते म्हणाले, चटई घेऊन जा. मी म्हटलं, नको, तुम्हालाच राहू द्या. 'तुम्हाला' म्हटलेलं त्यांच्या लक्षात आलं असावं, ते हसले.

पारोळं आलं. ही बस गावात शिरतेय.

२४ जानेवारी, शुक्रवार

एफ फाइव्ह दाबून मशीन सुरू केलं. मोर काढला. अखंड. पुन्हा काढला. अखंड. दहा नक्ष्या काढल्या, सगळ्या धड. मग एफ फाइव्ह न दाबता. तिसऱ्याच नक्षीत कचरा.

आता सगळं दिसतं. नगरपालिकेनं घरांना नवे नंबर द्यावेत आणि पोस्टमनला कुणी सांगू नये, तसं झालंय. मी वरच्या मेमरीत जागा करायला मेमरी मॅनेजर लावला. त्यानं तिथल्या घरांना कागदोपत्री नवे नंबर दिले. स्मार्टड्राइव्ह अशाच एका नव्या नंबरात राहायला गेला. पण हे कंट्रोलर कार्ड स्वतःच्या पायानं मेमरीत माल पोचवणारं, प्रोसेसरला न विचारता, आणि त्याला फक्त खरे, जुने नंबर माहीत. स्मार्टड्राइव्हनं नवा नंबर सांगितला की ते त्याच नंबराच्या जुन्या घरी गोणी टाकून येतं. मोराची मान भलत्याच दारात. आणि जिथं मान हवी तिथं आधीचाच कुठलातरी कचरा.

डॉसनं घातलेली ती ओळ नेमकी यासाठीच होती. कार्डानं माल आधी चौकातल्या एका पक्क्या दुकानात टाकावा, ज्याचा नंबर बदलत नाही, आणि तिथून प्रोसेसरनं घरी न्यावा. म्हणून डबल बफर. एक खेप जास्त, जरा हळू. मी ती काढली. दोन के साठी.

ओळ परत घातली. एफ फाइव्ह न दाबता दिवसभर चालवलं. सगळे मोर अखंड. मोकळी मेमरी ६१७.

दुरुस्त झालं. रोनक संध्याकाळी डोकावला, "जमलं का काका?" म्हणाला. "जमत आलंय" म्हटलं. मनात हे आलं ते लिहितो, कारण इथं खोटं लिहायचं नाही असं ठरवलेलं आहे. मनात आलं की, 'कार्डाचे पाय घासले, जमलं' म्हणावं. कुणाला कळणार नाही. तरी फळ्यावरचा कागद तसाच राहतो, आणि त्या कागदावर कुंदाबाई शिलाईत राहते.

२६ जानेवारी, रविवार

काल गेलो नाही. दुकानात गर्दी होती. एवढी नव्हती.

आज झेंडावंदनाहून येताना ठरवलं, उद्या.

२७ जानेवारी, सोमवार

रोनकच्या केबिनमध्ये सगळं सांगितलं. पोस्टमन, नंबर, सगळं. त्याला नंबरांचं फारसं कळलं नाही, पण बाकीचं कळलं.

"म्हणजे काका, तुमच्याच ओळी?"

"माझ्याच."

"शहाण्णवपासून?"

"पहिल्या दिवसापासून."

तो खुर्चीत मागे रेलला. सेठजींचा नातू शोभतो, आवाज चढवला नाही. "मग कुंदाताईंना बोलावून घेतो," म्हणाला.

कुंदाबाई आली ती उभीच राहिली. मी पुन्हा सांगितलं, या वेळी पोस्टमन वगळून. चूक तुझी नव्हती, माझी होती, आणि आठचं तू सांगितलेलं बरोबर होतं. ती ऐकत होती. म्हणाली, "मी बंद करताना दिवा दखस, हे आते तरी खरं वाटनं ना?"

"वाटलं."

रोनक म्हणाला, चला, मग आजपासून परत खुर्चीवर. मिटलं.

"नही मिटनं," ती म्हणाली. "तो कागद बठ्ठा लोकेसनी वाचेल शे. अंगठा देवाले येतस नि वाचतस. माले कोन्ही तोंडवर काही बोलनं नही, पण बठ्ठासले माहीत शे. आते मी कोनले कोनले सांगत फिरू?"

रोनक माझ्याकडे बघायला लागला. मी त्याच्याच टेबलावरचा कागद घेतला. यंत्रसामग्री उत्तम स्थितीत, इथपर्यंत पहिल्यासारखंच लिहिलं. बिघाडाचं कारण: लावणाऱ्याची चूक. मशीन १९९६ साली मी लावलं. खाली सही, तारीख. शिक्का दुकानात राहिला होता, म्हणून पूर्ण नाव लिहिलं.

दोनची पाळी बदलत होती. अंगठ्याच्या मशीनपाशी रांग होती. जुना कागद काढला आणि नवा टाचला. रांगेतला पुढचा माणूस मान वर करून वाचायला लागला, मग त्याच्या मागचा. मी तिथून लगेच निघून जाणार होतो, पण विभाग बदलल्याचा अंगठा द्यायला कुंदाबाई रांगेत होती, तिचा अंगठा होईपर्यंत थांबलो. कान गरम झाले होते. एवढी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती, आणि तरी पाय हलके वाटत होते, हेही खरं.

जाताना ती म्हणाली, "भाऊ, चा पी जा."

३१ जानेवारी, शुक्रवार

मुदतीचा दिवस. नवीन मशीनवाल्यांना रोनकनं तूर्त नको म्हणून कळवलं. माझ्या चुकीच्या ओळींवर उघडून परत साठवलेल्या अकरा नक्ष्या मात्र कायमच्या बिघडल्यात. त्या कुंदाबाई आलेखाच्या कागदांवरून पुन्हा भरतेय. दोन झाल्या. कमरेचा पट्टा परत खुर्चीवर लटकला आहे.

दुपारी तिच्याच खोलीतून कय्युमभाईंना फोन लावला, आवाज मोठा करून, तिलाही ऐकू येईल असा. म्हटलं, कय्युमभाई, दुरुस्त झालं. कुंदाबाई खुर्चीवर आहे, दुसरा कागद लावला. ती ओळ परत घातली. आता एफ फाइव्हची गरज नाही.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "चटई काढून बघितली?"

"बघितली. सोमवारपासून रोज काढतोय."

"मान?"

"अखंड."

"अल्हम्दुलिल्लाह. चांगलं झालं." खोकले. "पितांबरभाऊ, राग नका मानू. तुमची ओळ बरोबरच असणार. पण एखादा महिना तिला पाच नंबर दाबू द्या."

कुंदाबाईनं पदर तोंडाला लावला. मी हो म्हटलं.